मालक प्रतीक्षाकक्षात

आमच्या फौंड्रीत ते नवं ॲप आलं ते माझ्यामुळे. हे मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं तरी आधी इकडंतिकडं बघते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं ऑफिस मी बावीस वर्षं सांभाळते. गाड्या लावणं, गिऱ्हाइकांना उत्तरं देणं, कामगारांच्या रजा, असलं सगळं. तिथं मला सगळे अक्का म्हणतात. मालकांच्या घरात बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि कानडीत कुणाही बाईला मानानं अक्का म्हणतात. त्यामुळे मालक माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असूनही मला अक्काच म्हणतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अलीकडं रोजचा कारभार त्यांची सून बघते. इंजिनिअर आहे, हुशार आहे, आणि कधी आवाज चढवत नाही. तिला सगळे वहिनी म्हणतात.

तोवर आमचं सगळं काम फोनवरच्या साध्या ग्रुपवर चालायचं. त्याच फोनवर माझ्या माहेरचाही ग्रुप होता. भाचीच्या घरी बारसं ठरलं होतं आणि माहेरचा ग्रुप दिवसभर वाजत होता. त्या गडबडीत पुण्याच्या एका पंपवाल्या गिऱ्हाइकाचं ड्रॉईंग मी भट्टीवर पाठवायच्या ऐवजी माहेरी पाठवलं. ड्रॉईंगवर एकात एक वर्तुळं, बाण, ठिपक्यांच्या रेघा. मिनिटभरात मावशीचं उत्तर आलं, ‘‘रांगोळी झकास. ठिपके किती घ्यायचे?’’ धाकट्या भावजयीनं लिहिलं, ‘‘एवढी मोठी काढायला दारात जागा कुठाय?’’ मी घाईनं ते पुसलं, पण तेवढ्यात एका आतेभावानं ते त्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाला पाठवूनही दिलं होतं. ड्रॉईंगच्या कोपऱ्यात ‘गोपनीय’ असं छापलेलं होतं. महिला मंडळातल्या एकीनं विचारलं म्हणे, ‘‘हे गोपनीय कुठल्या रंगात भरायचं?’’

मी वहिनीला जाऊन सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती ‘‘हं’’ म्हणाली आणि पंधरा दिवसांत तिनं ते ॲप आणलं. आणि मला त्याची ॲडमिन केलं. ज्यानं कुलूप उघडं टाकलं त्याच्याच गळ्यात किल्ली अडकवायची, अशी तिची पद्धत.

ॲपची ओळख करून द्यायला कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं. वहिनीनं भिंतीवर पडदा लावून एकेक गोष्ट दाखवली. ह्यात ड्रॉईंग फक्त उघडून बघता येतं, बाहेर कुणाला पाठवता येत नाही, स्क्रीनचा फोटोही निघत नाही. (हे सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे मुद्दाम बघितलं नाही.) उघडताना ॲप आपला चेहरा बघतं. चेहरा जमला नाही तर आकडे टाकायचे, आणि आकडे पाच वेळा चुकले की ते बंद होतं. मग ते फक्त ॲडमिन उघडून देणार. कंपनीबाहेरचा कुणी कॉलवर यायला लागला तर तो आधी प्रतीक्षाकक्षात थांबतो. त्याच्या नावापुढं ‘पाहुणा’ असं येतं. त्याला आत घ्यायचं की नाही तेही ॲडमिन ठरवणार. आणि कॉलवर बोलताना मागचा गोंगाट ॲप आपोआप गाळून टाकतं.

‘‘म्हंजे भट्टीवर उभं ऱ्हाऊन बोललो तरी भट्टी ऐकू येणार न्हाय?’’ चाचांनी विचारलं.

चाचा म्हणजे आमचे फोरमन. मूळ हुपरीचे. साठीला आलेले, पण आवाज असा की भट्टीच्या ह्या टोकाला ते बोलले की त्या टोकाचा माणूस कामाला लागतो.

‘‘नाही येणार, चाचा. फक्त तुम्ही ऐकू याल.’’

‘‘मग बरं हाय की,’’ चाचा म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पडद्याजवळचा स्पीकर गुरगुरला.

चेहरा ओळखायची वेळ आली तेव्हा ॲपनं चाचांना ओळखलंच नाही. काजळी, घाम, कपाळावर सरकवलेला चष्मा. चाचा नळावर गेले, साबण लावून तोंड धुऊन आले, केस विंचरले, तेव्हा कुठं ते आत गेले. ‘‘अक्का,’’ ते मला म्हणाले, ‘‘माझी बायको मला बिनआंघोळीचा वळखती. ह्या मशीनचं नखरं तिच्यापेक्षा जास्त हायत.’’

शेवटी वहिनीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. आजकाल लोक कुणाचाही आवाज हुबेहूब काढून फोन करतात. नंबरसुद्धा आपल्याच माणसाचा दाखवतात. उद्या अण्णांच्या आवाजात कुणी साधा फोन करून सांगेल की गाडी दुसरीकडं वळवा, अमुक ड्रॉईंग पाठवा. तर असं काही सांगायचं ते ॲपवरच सांगायचं. आणि नाइलाजानं साधा फोन करावाच लागला तर आधी ठरलेला एक शब्द सांगायचा. शब्द नाही तर काम नाही, मग तो कुणीही असो.

‘‘अण्णा, तुमचा शब्द तुम्हीच ठरवा,’’ ती म्हणाली.

अण्णांनी समोरच्या बशीकडं बघितलं आणि गरजले, ‘‘उप्पीट!’’

‘‘अण्णा, सगळ्यांनी ऐकलं.’’

‘‘मग बदलूया. अक्का, इकडं ये, कानात सांगतो.’’ त्यांनी माझ्या कानात सांगितलेला शब्द तीन टेबलांवर पोचला. तोही रद्द झाला. तिसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून दिलं, मी वाचलं आणि तो कागद भट्टीत टाकला. शब्द होता ‘आंबोळी’. न्याहारी सोडून अण्णांच्या डोक्यात त्या सकाळी दुसरं काही नव्हतंच.

दीडेक महिना सगळं नीट चाललं. मग पुण्याच्या त्याच पंपवाल्यांकडून तक्रार आली की मागच्या मालातला एक नग ‘बद्द’ वाजला.

हे वाजण्याचं थोडं सांगायला हवं. आम्ही जे ओतकाम करतो त्यात लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यातल्या, वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळतात. ते नीट मिसळलं तर कास्टिंगवर हातोडा मारल्यावर घंटेसारखं ‘टण्ण’ वाजतं आणि बराच वेळ घुमत राहतं. नीट नाही मिसळलं तर चिरलेल्या मडक्यासारखं ‘बद्द’ वाजतं, आणि तसला नग पुढंमागं तडकायची भीती. यंत्रानं तपासणी होतेच, पण चाचा त्याशिवाय प्रत्येक नग वाजवून बघतात. त्या एका नगाच्या वेळी चाचा त्यांच्या पुतणीच्या लग्नाला गेले होते, हेही खरं.

पुण्याच्या क्वालिटीच्या साहेबांनी लिहिलं, पुढचा माल गाडीत भरायच्या आधी व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोर प्रत्येक नग वाजवून दाखवावा. वहिनी त्या दिवशी पुण्यातच जाणार होती, ती त्यांच्या ऑफिसात साहेबांच्या शेजारी बसणार होती. इकडं फोन धरून मी, आणि हातोडा घेऊन चाचा.

अण्णा घरी होते. तीनच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन सक्त आराम सांगितला होता. वहिनीनं कॉलची लिंक त्यांना साध्या मेसेजनं नुसती माहिती म्हणून पाठवली होती. ती का पाठवली, असं तिला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

अकरा वाजता मी अंगणात उभी राहिले. डाव्या हातात कंपनीचा टॅब्लेट, पर्समध्ये माझा फोन. समोर चाळीस नग ओळीनं मांडलेले. पलीकडं गाडी उभी, ड्रायव्हर टायरला टेकून बसलेला. मागं ग्राइंडर ओरडत होते, क्रेनचा भोंगा वाजत होता. पडद्यावर वहिनी आणि तिच्या शेजारी साहेब. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, भाषा अगदी पुस्तकातली.

‘‘नमस्कार. आपण प्रारंभ करू या,’’ साहेब म्हणाले.

चाचांनी पहिल्या नगावर हातोडा मारला. माझ्या कानात झिणझिण्या आल्या.

‘‘करा प्रारंभ,’’ साहेब पुन्हा म्हणाले.

‘‘केला की, साहेब,’’ मी म्हणाले.

‘‘मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा मारता का?’’

चाचांनी पुन्हा मारला. मग जरा जोरात मारला. मग दोन्ही हातांनी मारला, तेव्हा गाडीजवळचा ड्रायव्हर दचकून उभा राहिला.

‘‘मॅडम,’’ साहेब सावकाश म्हणाले, ‘‘तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतो आहे. मागं मात्र पूर्ण शांतता आहे. तुम्ही फौंड्रीतच उभ्या आहात ना?’’

‘‘फौंड्रीतच आहे साहेब. हे बघा.’’ मी टॅब्लेट गोल फिरवला. ग्राइंडरमधून ठिणग्या उडत होत्या.

‘‘ठिणग्या दिसतात. पण आवाज नाही. ते गृहस्थ हातोडा नगाला लावतात की नुसता लावल्यासारखं करतात?’’

हे मी चाचांना सांगितलं नाही. मी सांगितलं, ‘‘चाचा, साहेब म्हणताहेत अजून एकदा.’’ चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मारायला लागले.

तेवढ्यात पडद्यावर पाटी आली. ‘पाहुणा १ प्रतीक्षाकक्षात थांबला आहे. आत घ्यायचे?’ शेजारी लोणच्याच्या बरणीचा छोटा फोटो.

माझ्या डोक्यात एकदम ती रांगोळी आली. गिऱ्हाइकाच्या कॉलवर ओळख ना पाळख असा कोणी लोणचंवाला शिरतोय, आणि ॲडमिन मी. मी ‘नाही’ दाबलं. पाटी पुन्हा आली. मी पुन्हा ‘नाही’ दाबलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मला जरा अभिमानच वाटला, की बघा, बाई कशी दारावर उभी आहे.

मग पर्समधला फोन वाजला. नाव अण्णांचं. मी तो उजव्या कानाला लावला.

‘‘अक्का! मला आत का घेईनास?’’

‘‘कुठं आत?’’

‘‘त्या कॉलात! मघापासनं दारात उभा हाय. माझं ॲप ह्या काळ्या चष्म्यात मला वळखंना. चष्मा काढला तर डोळ्यावर पट्टी. आकडं टाकलं तर चुकलं, पाच बार चुकलं, बंद पडलं. मग काकीच्या फोनवरनं आलो, तर तू ‘न्हाय, न्हाय’ म्हणतीस!’’

आवाज अण्णांचाच होता. नंबर अण्णांचाच होता. आणि कॅन्टीनमध्ये वहिनीनं नेमकं हेच सांगितलं होतं, की आवाजही हुबेहूब असेल आणि नंबरही त्यांचाच दिसेल. तरी मी म्हणाले, ‘‘अण्णा, आधी शब्द सांगा.’’

‘‘कसला शब्द?’’

‘‘ठरलेला.’’

मग आवाज आला, ‘‘उप्पीट.’’

‘‘उप्पीट रद्द झालंय.’’

‘‘रद्द? माझ्या फौंड्रीत माझं उप्पीट रद्द करणारी तू कोण?’’ ह्यापुढं अण्णा जे बोलले ते इतकं मोठ्यानं होतं की फोन मी कानापासून लांब धरला. चाचांनी हातोडा खाली टेकवला, मान तिरकी करून ते सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, ‘‘अक्का, ह्यो मालकच हाय. ही शिवी ह्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाला येत न्हाय.’’

‘‘चाचा, शिवी चालत नाही. शब्द पाहिजे.’’

‘‘पोहे!’’ फोनमधून अण्णा ओरडत होते. ‘‘शिरा! डोसा!’’

मी प्रत्येकाला ‘‘नाही’’ म्हणत होते आणि साहेब पडद्यावरून माझ्याकडं बघत होते. त्यांना फक्त माझा आवाज ऐकू जात होता. एक बाई उन्हात उभी राहून कुणाशी तरी न्याहारीचा वाद घालते आहे आणि तिच्या मागं एक माणूस न बोलता उभा आहे, एवढंच त्यांना दिसत असणार. वहिनीनं कपाळाला हात लावला होता.

मग फोनमध्ये मागून काकींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, आवाज आला. ‘‘अहो, आंबोळी म्हणा की! तुम्हीच तर मला सांगितलेलं.’’

हा शब्द कुणालाही सांगायचा नव्हता. बायकोला तर नव्हताच नव्हता, कारण काकींनी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीत पोचते. पण शब्द बरोबर होता, आणि तो बायकोनं सांगितला तर काय करायचं ह्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. ‘‘आंबोळी बरोबर आहे,’’ मी म्हणाले आणि पाहुणा एकला आत घेतलं.

पडद्यावर आधी अण्णांचं नाक आलं, मग काळा चष्मा. त्यांनी साहेबांना नमस्कार केला. एवढ्या गोंधळानंतर सगळे जरा सावरले. मी चाचांना खूण केली आणि चाचांनी पुन्हा पहिल्या नगावर हातोडा मारला.

अण्णा बघत राहिले. चाचांनी दुसरा मारला, तिसरा मारला. अण्णांचा चेहरा उतरत गेला. इतका वेळ ओरडणारा माणूस एकदम बारीक आवाजात म्हणाला, ‘‘अक्का.’’

‘‘काय अण्णा?’’

‘‘माझा डोळा केलाय न्हवं? मग कान कसा गेला?’’

बावीस वर्षांत अण्णांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. चाळीस वर्षं त्या आवाजावर फौंड्री चालवलेला माणूस. त्यांना हातोडा दिसत होता आणि टण्ण ऐकू येत नव्हतं.

साहेबच म्हणाले, ‘‘घाबरू नका सर. मलाही ऐकू येत नाही. मी मघापासून तेच सांगतो आहे.’’

तेव्हा वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. ‘‘अक्का! गाळणी! आवाज गाळायची सोय चालू आहे. ॲपला वाटतंय हातोडा म्हणजे गोंगाट. ते फक्त तुमचा आवाज ठेवून बाकी सगळं टाकून देतंय.’’

ज्या आवाजासाठी हा सगळा कॉल लावला होता तोच आवाज ते ॲप अगदी मन लावून पुसत होतं. मी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, मग कॉलच्या सेटिंगमध्ये गेले. तिथं ‘मागचा गोंगाट काढा’ असं एक बटण हिरवं होतं. ते मी दाबलं.

पुण्याच्या त्या थंड खोलीत आमची अख्खी फौंड्री घुसली. ग्राइंडर, क्रेनचा भोंगा, भट्टीची घरघर. साहेब खुर्चीत मागं सरकले. आणि त्या सगळ्याच्या वर चाचांचा आवाज. ते क्रेनवाल्याशी बोलत होते.

‘‘ह्यो पुण्याचा पावणा बहिरा हाय का काय? मघापासनं ठोकतोय, हात दुखायला लागलं, आन् ह्याचं आपलं ऐकू येत न्हाय, ऐकू येत न्हाय. लग्नात नेऊन बँडाम्होरं हुबा करा त्याला, म्हंजे येतंय का बघू!’’

वहिनीनं डोळे मिटले. अण्णा मात्र खुलले, कारण त्यांना ऐकू आलं. मी टॅब्लेट छातीशी धरला, पण त्यानं काय होणार?

मग त्या इस्त्रीच्या शर्टातून, पुस्तकातल्या त्या भाषेच्या ठिकाणी, वेगळाच आवाज आला. ‘‘चाचा, मी बहिरा न्हाय. तिकडल्याच मुरगूडचा हाय. वाजवा आता, ऐकू यायलंय.’’

चाचांनी टॅब्लेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘‘ह्येंनी समदं ऐकलं?’’

‘‘व्हय,’’ साहेब म्हणाले. ‘‘बँडापातूर.’’

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग ते पहिल्या नगापाशी गेले. टण्ण. तो आवाज बराच वेळ घुमत राहिला. साहेबांनी मान डोलावली. दुसरा. टण्ण. तिसरा. मी टॅब्लेट धरून त्यांच्याबरोबर बाजूनं चालत होते. ग्राइंडर थांबवायला सांगितले होते. ड्रायव्हरही जवळ येऊन ऐकत होता. वीस झाले, पंचवीस झाले. आता गाडी भरायला लागायची, असं मी मनात धरलं.

सव्विसाव्या नगावर चाचांनी मारलं आणि ते थांबले.

‘‘ठीक आहे हा,’’ साहेब म्हणाले. ‘‘पुढं चला.’’

मलाही काही वेगळं वाटलं नव्हतं. चाचांनी पुन्हा एकदा, अगदी हलकं मारलं. वाकून कान जवळ नेला. मग खिशातून खडू काढला आणि नगावर फुली मारली.

‘‘ह्यो जात न्हाय,’’ ते म्हणाले.

‘‘चाचा, मला तर तो चांगला वाटला,’’ साहेब म्हणाले.

‘‘साहेब, फोनवर वाटला असंल. माझ्या हाताला न्हाय वाटला. बद्द न्हाय, पण टण्ण बी न्हाय. मधीच सोडतोय.’’ नगावर ओतलेला नंबर त्यांनी अंगठ्यानं पुसून वाचला. ‘‘ह्या लॅडलमधनं सहा नग ओतलेत. त्या दिवशी मॅग्नेशियमला मीच हुतो. लग्नाला बिग्नाला न्हवतो गेलो. मीच हुतो.’’

हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. गाळणी बंद होती. मला वाटलं, आता अण्णा काय बोलतात. काळा चष्मा असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

‘‘सहाच्या सहा बाजूला काढा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘बाकीचं सगळं परत वाजवा, पयल्यापासनं. गाडी आज जाऊ दे न्हाय तर उद्या.’’

मी नियमाला धरून होते. ‘‘अण्णा, हा आदेश धरायचा का? ॲपवर तुम्ही अजून पाहुणे आहात.’’

वहिनी मोठ्यानं हसली. लग्न होऊन ती ह्या घरात आल्यापासून तिला इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. ‘‘धरा, अक्का, धरा,’’ ती म्हणाली.

सगळं पुन्हा वाजवून झालं तेव्हा दीड वाजला होता. चौतीस नग गाडीत चढले. गाडी त्याच दिवशी गेली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत चाचा कॅन्टीनला आले नाहीत. ते वाळूच्या ढिगापाशी एकटेच बसले होते. मी दोन चहा घेऊन गेले.

‘‘चाचा, तो नग साहेबांनी सोडला होता. तुम्ही का अडवलात?’’

‘‘आमचा बाप हुपरीत पैंजणाचं काम करायचा. घुंगरू लावलं की कानाशी धरून वाजवायचा. एकांदं मुकं निघालं तर काढून टाकायचा. आई म्हणायची, पन्नास घुंगरात एक मुकं कुणाला कळतंय? तर बाप म्हणायचा, मला कळलं न्हवं.’’ त्यांनी चहा संपवला. ‘‘आज समद्यांम्होरं माझीच चूक निघाली, अक्का. लई वंगाळ वाटलं. पर कानानं ऐकल्यावर मग काय करणार?’’

मी म्हणाले, अण्णांना राग आला नाही. ते म्हणाले, ‘‘म्हणूनच वंगाळ वाटतंय. शिवी घातली असती तर मोकळा झालो असतो.’’

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. ॲपमध्ये एक सोय होती, ती आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. बाहेरचा पाहुणा असलेला कॉल संपला की ते काही वेळानं झालेल्या बोलण्याचा सारांश आपणहून लिहून सगळ्यांना पाठवत असे. चार वाजता तो आला. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

‘बैठकीचा सारांश. उप्पीट रद्द करण्यात आले. आंबोळी बरोबर असल्याचे निश्चित झाले. एका पाहुण्याने माल थांबवण्यास सांगितले व ते मान्य झाले. पुढील कृती : पुण्याच्या पाहुण्याला लग्नात बँडसमोर उभे करणे. जबाबदारी : निश्चित नाही.’

तो पुण्यालाही गेला होता. मी वहिनीला फोन करणार तेवढ्यात साहेबांचं उत्तर आलं. ‘‘मान्य. तारीख कळवावी.’’

त्या सहा नगांतल्या चारांत यंत्रावरही मॅग्नेशियम खरंच कमी निघालं. सगळेच फोडून पुन्हा भट्टीत गेले. वहिनीनं नियम थोडे बदलले. नग वाजवायच्या कॉलला गाळणी बंद ठेवायची, असा एक कागद तिनं माझ्या टेबलावर चिकटवला. अण्णांचं ॲप मी उघडून दिलं आणि त्यांनी नवा शब्द निवडला. तो काकींना सांगायचा नाही, असं त्यांनी काकींच्या समोरच कबूल केलं.

तीन आठवड्यांनी साहेब स्वतःच शिरोलीला आले. त्यांच्या तपासणीच्या दोन माणसांना चाचांकडून ऐकायला शिकवायचं होतं. सकाळभर चाचांनी त्यांना अंगणात पाठमोरं उभं केलं. ते मागून नग वाजवायचे आणि ह्यांनी चांगला की वाईट ते सांगायचं. आधी सगळी उत्तरं चुकली. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मी बरोबर यायला लागली. साहेब स्वतःही शर्टाच्या बाह्या दुमडून उभे राहिले, आणि चुकले की मुरगूडच्या भाषेत स्वतःलाच शिव्या द्यायला लागले.

मी ऑफिसच्या दारातून बघत होते. चाचांनी हाक मारली, ‘‘अक्का, या की. तुमी बी ऐका.’’

बावीस वर्षं मी ह्या नगांची नावं लिहिली, नंबर लिहिले, त्यांच्या गाड्या लावल्या. त्यांतल्या एकालाही हात लावला नव्हता. हातोडा मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. मी पाठमोरी उभी राहणार नाही म्हणाले, मलाच वाजवायचंय. चाचांनी मूठ कुठं धरायची ते दाखवलं. मी मारलं. आवाज कानातून सरळ छातीत आला आणि तिथंच थांबून राहिला. तो विरेपर्यंत मी हललेच नाही.

‘‘कसा हाय?’’ चाचांनी विचारलं.

‘‘चांगला,’’ मी म्हणाले.

‘‘व्हय,’’ चाचा म्हणाले, ‘‘चांगला हाय.’’ आणि त्यांनी मला पुढच्या नगाकडं नेलं.